पाव्हण्याचं पोट

कुत्र्याला पाळणाघरात घालायचं ठरलं ते माझ्या ताटामुळं. कुत्र्यांचंही पाळणाघर असतं हे मला आयर्लंडात आल्यावर कळलं. सकाळी नेऊन सोडायचं, संध्याकाळी घेऊन यायचं. माझ्या मुलाला लहानपणी कुणी पाळणाघरात घातलं नाही, तो गिरणीवर रिकाम्या पोत्यांवर झोपायचा आणि उठला की मैद्याच्या बाहुलीसारखा दिसायचा. आता त्याचं कुत्रं पाळणाघरात जाणार आणि मी त्या घरात दिवसभर एकटा राहणार, अशी वेळ आली होती. ते कसं झालं आणि पुढं काय झालं ते सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. जन्म पिठाच्या गिरणीवर गेला. पट्ट्याच्या आवाजात बोलून बोलून मला हळू बोलता येत नाही, आणि गोड तर त्याहून येत नाही. माझी बायको गेल्या वर्षी गेली. मुलगा म्हणाला, आण्णा, तिकडं एकटे काय करणार, इकडं चला. आलो. ॲथलोन म्हणून गाव आहे, मधून चांगली रुंद नदी जाते. मुलगा आणि सून सकाळी आठला कामावर जातात ते सहाला येतात. मधल्या वेळात घरात मी आणि कुत्रा.

कुत्रा काळा आहे, मानेला जाड, आणि डोळे असे की आत्ताच कुणी त्याला घराबाहेर काढलंय. त्याचं नाव इंग्रजी आहे, माझ्या तोंडात बसत नाही. मी त्याला पाव्हणा म्हणतो. खातो, झोपतो, कामाला हात लावत नाही, आणि जायचं नाव काढत नाही, मग दुसरं काय म्हणायचं? त्यालाही ते पटलंय. सून इंग्रजीत हाक मारते तेव्हा एक कान हलवतो. मी "ओ पाव्हणं" म्हणलं की उठून येतो.

आता पाव्हण्याला आग्रह करायचा नाही तर कुणाला करायचा?

आग्रह हे आमच्या घरात बायकोचं खातं होतं. नाही म्हणून हात आडवा केला तर ती हाताच्या वरून वाढायची. एकदा आमचे व्याही, म्हणजे ह्याच सुनेचे वडील, ताटावर आडवे झाले होते. अक्षरशः आडवे, छाती टेकवून. हिनं बाजूनं जिलबी सरकवली. पुण्याचा माणूस, त्यांना सवय नाही. जाताना चपला घालायला वाकता येईना.

ती गेल्यावर माझं जेवण बंद पडलं. उपास नव्हता, रुसवा नव्हता, घास खाली जायचा नाही एवढंच. त्यात सुनेनं एक केलं होतं. सासू जिवंत असताना तिनं फोनवर तिच्याकडून सगळा स्वयंपाक कसा करायचा ते विचारून तिच्याच आवाजात भरून ठेवलं होतं. आता ती ते लावून स्वयंपाक करते. ओट्यावरून आमच्या हिचा आवाज यायचा, "अगं आधी लसूण, मग मोहरी नाही, आधी मोहरी, थांब, काय म्हणाले मी?" आणि मग ताटात जे यायचं ते तिच्या हातचं नसायचं, पण तिच्यासारखं असायचं. मला सांगायला येत नाही, पण वाईट लागलं असतं तर मी खाल्लं असतं.

सून समोर बसून बघायची. "आण्णा, घ्या ना अजून."

"वाढ."

आणि टेबलाखालून पाव्हण्याच्या तोंडात. तो आवाज न करता खायचा. असा पाव्हणा मी जन्मात पाहिला नाही. भाकरी, पिठलं, भरली वांगी, शिकरण, सगळं चालायचं. माझं ताट स्वच्छ, सून खूश, मुलगा खूश, पाव्हणा तर काय विचारूच नका. मी दुपारी चहाबरोबर बिस्किटं खायचो आणि माझं भागायचं.

मग बुधवारी मटकीची उसळ झाली.

मी दोनदा मागून घेतली. सुनेचा चेहरा फुलला. वर कांदा, लिंबू, शेव. गुरुवारी सकाळी दोघं कामावर गेले आणि पाव्हण्यानं बैठकीच्या खोलीत, दुधाच्या सायीच्या रंगाच्या गालिच्यावर, पहिला कार्यक्रम केला. मी पुसतोय तोवर जिन्यापाशी दुसरा. मी त्याला म्हणलं, "पाव्हणं, बाहेर, बाहेर!" त्यानं मला दारापर्यंत नेलं, दार उघडेपर्यंत थांबला, बाहेरचा पाऊस बघितला आणि पायपुसण्यावर तिसरा केला.

मी घाबरलो. पण कुत्रा शेपूट हलवत होता, पाणी पीत होता. फक्त पोट गुरगुरत होतं, आमच्या गिरणीचा पट्टा ढिला झाला की करायचा तसं. आता ह्यावर काय करतात? आमच्या मुलाचं तान्हेपणी पोट दुखलं की ही हिंग पाण्यात उगाळून बेंबीभोवती लावायची. लावला की पोर गप. मी हिंगाची डबी शोधली, बशीत चांगला घट्ट लेप केला, आणि पाव्हण्याला म्हणलं, "झोप उताणा."

झोपला. पोट खाजवायला मिळणार असं त्याला वाटलं.

आता प्रश्न असा की कुत्र्याची बेंबी कुठं असते? मी सत्तरी ओलांडली, आयुष्यात हा प्रश्न कधी पडला नव्हता. एक बोट लेपात बुडवलेलं आणि दुसऱ्या हातानं केस बाजूला करत मी शोधतोय. वरून शोधली, खालून शोधली. चष्मा आणला. एकदा सापडली असं वाटलं, पण ती दुसरीच वस्तू निघाली, आणि पाव्हण्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मीच ओशाळलो. गुडघ्यावर बसून, मान खाली घालून, हातात बॅटरी घेऊन मी त्याच्या पोटाचं निरीक्षण करतोय, एवढ्यात मला जाणवलं की कुणीतरी बघतंय. खिडकीबाहेर पार्सलवाला उभा. हातात खोका, तोंड उघडं.

तो काहीतरी विचारत होता. मला इंग्रजी येत नाही, पण इथला एक शब्द मी शिकलोय. पाऊस असो, मयत असो, इथली माणसं तोच म्हणतात. मी अंगठा वर केला, तो हिंगानं पिवळा झालेला, आणि मोठ्यानं म्हणलं, "ग्रँड!"

त्यानं खोका पायरीवर ठेवला आणि पळाला.

बेंबी मिळेना तेव्हा मी अख्ख्या पोटाला लेप लावला. कुठंतरी लागेल. पाव्हण्यानं एकदा चाटला, तीन-चार शिंका दिल्या, आणि उठून सगळ्या गालिच्यावर पोट घासत पोहत गेला.

सून संध्याकाळी आली. दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली. गालिच्यावर दोन रंग होते, एक पाव्हण्याचा, एक माझा. वासही दोन होते.

"आण्णा, काय झालं?"

"पाव्हण्याला ढंढाळ लागलीय. मी उपाय केलाय."

"हिंग? आण्णा, हिंग? कुत्र्याला?"

"मग काय बैलाला?"

तिनं पर्स खाली न ठेवता आम्हाला दोघांना गाडीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण हसऱ्या तोंडाची होती. बाह्या दुमडलेल्या, मनगटं माझ्यापेक्षा दणकट. तिनं पाव्हण्याला टेबलावर घेतलं, ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पोट दाबलं आणि एकदम थांबली. नाक खाली नेलं. हुंगलं. कपाळाला आठ्या घातल्या. परत हुंगलं. मग आतल्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. त्यानंही हुंगलं. दोघं एकमेकांकडं बघत हळू आवाजात बोलायला लागले.

"काय म्हणतात?" मी सुनेला विचारलं.

"असला वास त्यांनी कधी कुठल्या आजारात पाहिलेला नाही म्हणतात."

"सांग की हिंग आहे."

"आण्णा, हिंगाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आत्ता आठवत नाहीये!"

मग तिनं हातवारे करून समजावलं. झाड, चीक, खडा, लहान बाळ, बेंबी. डॉक्टरीणबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं. सुनेनं कपाळाला हात लावला.

"काय विचारते?"

"बाळांना खरंच गुण येतो का, विचारतायत. त्यांच्या बहिणीचं बाळ फार रडतं."

"येतो म्हणावं. फक्त बेंबी आधी शोधून ठेव म्हणावं."

मग त्यांनी खाण्याचं विचारलं. सून ठामपणे म्हणाली, त्याला फक्त त्याचं पिशवीतलं खाणं मिळतं, मापानं, सकाळ-संध्याकाळ. हे ती इंग्रजीत बोलली तरी मला कळलं, कारण ती मापाचा कप धरल्यासारखा हात करत होती. डॉक्टरीणबाई मान हलवत होती आणि मी भिंतीवरचं मांजराचं चित्र बघत होतो. फार छान मांजर होतं.

तेवढ्यात पाव्हण्यानं टेबलावरच खुलासा केला.

डॉक्टरीणबाई वाकली. सून वाकली. मी मांजराकडंच बघत राहिलो.

"मटकी," सून म्हणाली.

मटकी होतीच. जशीच्या तशी, मोडासकट. नुसती पाण्यात टाकली असती तर उगवली असती. शेजारी कढीपत्त्याचं एक अख्खं पान, आणि बारीक कांदा.

त्यातला कांदा तेवढा वाईट निघाला. डॉक्टरीणबाईचा हसरा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, हे कुत्र्याला विष आहे म्हणाली. थोडक्यात वाचलाय. हिरड्या रोज बघा, पांढऱ्या पडल्या, लघवी लाल झाली, रक्त पडलं, उलट्या लागल्या किंवा गळून गेला तर थांबू नका, लगेच आणा. एरवी कुत्रा ठणठणीत आहे. रात्रभर पोटाला विश्रांती, पाणी मात्र हवं तेवढं, मग मऊ शिजवलेला भात आणि उकडलेली कोंबडी, थोडी थोडी, दिवसातून चारदा. मीठ नाही, मसाला नाही, फोडणी नाही.

"ही शिक्षा झाली," मी म्हणलं. सुनेनं ते तिला सांगितलं नाही.

परत येताना गाडी सून चालवत होती. पुलावर लाल दिवा लागला तेव्हा बोलली.

"आण्णा, मटकी तुम्ही दोनदा घेतलीत."

"घेतली."

"कशी झाली होती?"

मी मागच्या सीटवरच्या पाव्हण्याकडं बघितलं. तो काही मदत करीना.

"बरी असावी," मी म्हणलं. "त्यानं टाकली नाही."

"आणि भरली वांगी? पिठलं?" तिचा आवाज चढला. "मग इतके दिवस तुम्ही काय खाताय?"

"बिस्किटं."

हिरवा दिवा लागला. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही, इथं वाजवत नाहीत. ती समोर बघत म्हणाली, "सोमवारपासून ह्याला डेकेअरला टाकणार. घरात ठेवला तर तुम्ही दोघंही मराल. एक खाऊन आणि एक न खाता."

असं बोलणं मला आवडतं. माझ्या बायकोनं हेच म्हणलं असतं, फक्त शिव्या घालून. पण मग माझं दिवसभर काय? आठ ते सहा, त्या घरात, घड्याळ आणि मी. पाव्हणा निदान घोरतो. मी म्हणलं, "मला टाक डेकेअरला. त्याला राहू दे घरी."

"तुम्हाला घेणार नाहीत. तुम्ही चावता."

रात्री मुलानं मध्यस्थी केली. तो गरीब स्वभावाचा आहे, आईवर गेलाय असं लोक म्हणतात, ते लोक त्याच्या आईला ओळखत नव्हते. ठरलं ते असं: रविवारपर्यंत पाव्हण्याचा कार्यक्रम घट्ट झाला, आणि आण्णा ताटातलं स्वतःच्या तोंडात घालायला लागले, तर पाव्हणा घरी राहील. नाहीतर सोमवारी पाळणाघर. कार्यक्रमाचा पुरावा म्हणून फोटो पाहिजे. "घरच्या ग्रुपवर टाका, आण्णा," मुलगा म्हणाला. "आम्ही तुमच्या तोंडी शब्दावर आता जाणार नाही."

शुक्रवारी मुलानं कोंबडी उकडली. मीठ नाही, हळद नाही, पांढरी फटक, बघवत नव्हती. भात असा शिजवला की शिताचा पत्ता लागेना. पाव्हण्याला चमचाभर दिला, तो त्यानं एका क्षणात संपवला आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं. माझा हात आपोआप पातेल्याकडं गेला. "आण्णा!" सून ओरडली. मी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसलो. पाव्हण्यासमोर पातेलं असावं आणि आपण वाढू नये, हे आमच्या खानदानात कधी झालेलं नाही. पाव्हण्याचीही समजूत पटेना. त्यानं बशी तोंडात धरून माझ्या पायाशी आणून ठेवली.

मग सुनेनं माझ्यासमोर ताट ठेवलं. त्यातही मऊ भात. वर मेतकूट, तूप, बाजूला लिंबाचं लोणचं.

"हे काय? मलापण जुलाब झालेत?"

"खाऊन बघा. हे मी फोन लावून केलेलं नाही. असंच केलंय."

खाल्लं. मऊ भात कुणीही केला तरी मऊ भातच असतो, तो कुणासारखा लागत नाही. अर्ध्यापर्यंत गेलो तेव्हा लक्षात आलं की घास खाली जातोय. सून तोंड फिरवून ओटा पुसत होती, जो आधीच पुसलेला होता. मी पुढचा घास घेतला. बोललो असतो तर वाकडंच बोललो असतो.

शनिवारी सकाळी दोघं झोपले होते. मी पाव्हण्याच्या हिरड्या बघितल्या, गुलाबी होत्या, आणि त्याला नदीकाठी नेलं. बारीक पाऊस होता. तो प्रत्येक खांबापाशी थांबायचा, विचार करायचा, पुढं जायचा. मी त्याच्या मागून फोन हातात धरून. एक बाई आपलं कुत्रं घेऊन चालली होती, तिनं हसून काहीतरी म्हणलं, मी "ग्रँड" म्हणलं. शेवटी एका बाकापाशी पाव्हणा गोल फिरला, पाठ वाकवली, दूर नदीकडं नजर लावली, आणि केलं.

घट्ट! तपकिरी, एकसंध, उचलला तर मोडणार नाही असा. मला इतका आनंद गिरणीला तीन फेजची लाईन आली तेव्हा झाला होता. मी वाकून जवळून फोटो घेतला, एक बाजूनं, एक वरून, दोन्ही पाठवले, खाली लिहिलं, "आज झालं एकदाचं. देवाची कृपा." पिशवीत उचललं आणि घरी आलो.

घरी येईपर्यंत फोन खिशात थरथरत होता. घरच्या ग्रुपवर टाकायचं ते मी भावकीच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्यात शंभरावर माणसं आहेत. चुलते, मेहुणे, सोयरे, गावचा माजी सरपंच. चुलतभावानं हात जोडलेले, त्याच्या खाली पाच-सहा जणांनी हात जोडलेले. एका पुतण्यानं "शुभ सकाळ काका, खूप छान" असं लिहिलेलं. माजी सरपंचानं विचारलेलं, "तिकडे गूळ मिळतो का? रंग चांगला आहे." आणि आमच्या थोरल्या साडूंनी, जे कुठलाही फोटो उघडून बघत नाहीत, "भावपूर्ण श्रद्धांजली" वाहिलेली. त्याच्या खाली मग लोकांनी रांग लावली. भावपूर्ण श्रद्धांजली. ॐ शांती. ईश्वर मृतात्म्यास.

सुनेनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला, वाचला, आणि जिन्याच्या पायरीवर बसून हसायला लागली. इतकी हसली की मुलगा वरून पळत आला, कुणी रडतंय असं त्याला वाटलं. तेवढ्यात मेव्हणीचा फोन आला, माझ्या बायकोची धाकटी बहीण.

"दाजी, ते काय पाठवलंय? इकडं सगळे विचारतायत कोण गेलं!"

"कुणी गेलं नाही. कुत्र्याला साफ झालं."

 मग ती फुटली. हसण्याचा आवाज अगदी बहिणीसारखा, शेवटी खोकला येतो तोसुद्धा. "अहो, ताई असती तर," ती म्हणाली, आणि परत हसत सुटली.  आम्ही दोघं फोन धरून नुसते हसत होतो. तेरवीनंतर आम्ही बोललोच नव्हतो. म्हणलं, "ठेव आता, बिल येईल," फुकटचा फोन असूनही.

रविवारचाही कार्यक्रम घट्ट झाला. तो सुनेनं स्वतः पाहिला, फोटो काढू दिला नाही. सोमवारी सकाळी तिनं पाळणाघराला फोन केला, मी कान लावून होतो, इंग्रजीतलं "नो, थँक्यू" एवढं मला कळलं. कोट घालताना म्हणाली, "फ्रीजमध्ये मटकी आहे. तुमची. कांदा, लसूण, सगळं आहे, म्हणजे त्याला देता येणार नाही. संध्याकाळी मी डबा बघणार नाही. ह्याच्याकडं बघणार."

दुपारी मी गरम केली. भाकरी नव्हती, पाव घेतला. पाव्हणा येऊन माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला आणि ते डोळे लावले. मी त्याला सांगितलं, "पाव्हणं, तुमचं पंगतीतलं नाव काढलंय." पहिला घास घेतला. तिच्यासारखीच झाली होती. तिखट थोडं कमी, मोहरी बरोबर. घास तोंडात फिरत राहिला. मी तो तसाच धरून खिडकीबाहेर बघत बसलो, आणि खाली हात नेला असता तर कुणाला कळलंही नसतं.

त्याच वेळी पाव्हण्यानं टेबलाखाली, काहीही आवाज न करता, असा वास सोडला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उकडलेल्या कोंबडीचा होता. मी तोंडातला घास गिळला, कारण त्या वासात तोंड उघडं ठेवणं शक्य नव्हतं. "भाड्या!" म्हणलं, ताट उचललं, मागचं दार उघडलं आणि पायरीवर छत्री धरून बसून जेवलो. दाराच्या काचेतून तो मला बघत होता. सगळी मटकी खाल्ली. मग पावानं ताट पुसून तेही खाल्लं.